अण्णांच्या वाटणीचा नारळ

आमच्या घरात देव होते आणि ते सगळे मायचे होते. अण्णांचा त्यांत एकही नव्हता. त्यावरून भांडण कधी झालं नाही. माय पान खायची आणि अण्णा खात नसत, तितकंच ते साधं होतं. सकाळी माय ताम्हण घेऊन बसली की अण्णा मोरीपाशी आरसा टांगून दाढी करायचे. शिफ्ट संपवून सायकलवर बाजारातून येताना भाजीच्या पिशवीत वरच्या बाजूला पळसाच्या पानाची एक पुडी असायची, तिच्यात झेंडू, जास्वंद, कधी पांढरी तगर. मायच्या देवांची फुलं. इतकी वर्षं रोज, एक दिवस चुकला असेल तर शपथ. (शपथ हा शब्द मी आजही असा सहज वापरते, आणि वापरला की जीभ चावते. का ते पुढे येईलच.) शेजारच्या आत्मारामकाकांनी एकदा त्यांना डिवचलंच, की तुम्ही मानत नाही तर फुलं कशाला वाहता घरी? अण्णा म्हणाले, भाजीही मीच आणतो, म्हणून काय मला कारलं आवडतं? काका पुटपुटत आपल्या खोलीकडे वळले. अण्णांशी बोलून बहुतेक जण असेच परतायचे, आणि नंतर त्यांना त्याचा राग यायचा.

आम्ही मूळचे खानदेशातले, अमळनेरकडचे. गुजरातच्या हद्दीवर सिल्वासाला कारखाने निघायला लागले तेव्हा आमच्याकडची पुष्कळ माणसं तिकडे गेली, त्यात अण्णा. तिथल्या सायली गावाच्या बाजूला धाग्याचा कारखाना होता. बाहेरून सरळ धागा यायचा, तो गरम करून पिळायचा, कुरळा करायचा आणि कोनांवर, म्हणजे पुठ्ठ्याच्या निमुळत्या रिळांवर, गुंडाळून सुरतेला पाठवायचा. अण्णा तिथे शिफ्ट सुपरवायझर. कंपनीनेच भिंतीपलीकडे चार खोल्यांची एक ओळ बांधली होती, तिच्यातली दुसरी आमची. मशिनचा आवाज दिवसभर भिंतीतून यायचा, एकसारखा, बारीक, दातांत बसणारा. त्याची इतकी सवय झाली होती की भर दुपारी लाइट गेली आणि तो थांबला की आम्ही सगळ्या बायका बाहेर येऊन उभ्या राहायचो, कुणी मेलंबिलं की काय अशा चेहऱ्याने. त्या आवाजापायी अण्णांचे कान लवकर गेले. ते घरातसुद्धा ओरडूनच बोलत, त्यामुळे आमच्या घरात गुपित म्हणून काही राहत नसे. माझा गणितातला आकडा अख्ख्या ओळीला कळायचा.

खाणं मात्र मायने हट्टाने गावाकडचंच ठेवलं होतं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ तिकडून कुणी ना कुणी पोत्यातून आणायचं. ते संपलं की माय आठ दिवस तोंड पाडून बसायची आणि मग वारली बायकांकडून नागली घेऊन तिची भाकरी थापायची, थापताना त्या नागलीला नावं ठेवायची आणि खाताना दोन जास्त खायची. थंडीत वापीच्या रस्त्याला मडकं उलटं पुरून भाजलेलं शेंगा-कंदांचं उंबाडियुं मिळायचं. अण्णा ते आणत आणि माय म्हणायची, ह्यात काय आहे, आमचं भरीतच बरं. मग मडकं पुसून चाटायची. आता माझ्या नाकाला त्या घराचा वास आठवतो तो पण भाकरीचा नाही. अण्णांच्या शर्टाचा, धाग्याला लावायच्या तेलाचा. धुऊन जायचा नाही तो. मला तो आवडायचा.

आणि धागा. तो तर घराघरात होता. मशिनवर तुटलेला, गुंतलेला जो धागा निघायचा त्याला सगळे वेस्ट म्हणत. तो गोण्या भरून गेटपाशी पडायचा, आणि घरी जाताना कुणी मूठभर उचलला तर वॉचमनसुद्धा बघायचा नाही, कारण त्याच्याही घरी त्याची बाज विणलेली होती. आमच्या ओळीतल्या सगळ्या कपड्यांच्या दोऱ्या त्याच धाग्याच्या. दाराची तोरणं, टीव्हीवरचे रुमाल, पाळण्याच्या दोऱ्या, माझ्या वेण्यांचे गोंडे, सगळं वेस्टमधून. मायने अण्णांना कधी आणायला सांगितला नाही, त्यांनी आणलाही नसता. ती आत्मारामकाकांच्या इंदूकाकूकडून घ्यायची. कुणाच्या मनात ती चोरी नव्हतीच. शेतातून येताना बांधावरची चार बोरं तोंडात टाकावीत, तसं होतं ते.

माझं दहावीचं वर्ष होतं तेव्हा कारखान्यात खरीखुरी चोरी झाली. भरलेल्या कोनांची खोकी, एका महिन्यात तीनदा. पोलिसांना बोलवायला शेठ तयार नव्हते. आमचे शेठ गुजराती, मवाळ, कामगाराच्या घरी बारसं असलं तर पेढ्याचा पुडा पाठवणारे. कुणावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. पण माताजीवर त्यांची भारी श्रद्धा. गेटच्या आत उंबराखाली त्यांनी माताजीची देवळी बांधली होती आणि दर पहिल्या तारखेला त्यांची आई, जिला सगळे बा म्हणत, पांढऱ्या साडीत येऊन तिथे बसायची. ठरलं असं, की सगळ्यांनी एकेक करून माताजीपुढे नारळ उचलायचा आणि म्हणायचं, मी या कंपनीचा एक धागासुद्धा घेतलेला नाही. ज्याने घेतला असेल त्याचा हात उचलणारच नाही, अशी बांची खात्री. त्यांच्या गावाकडे तसंच करत.

आणि खरं सांगते, शेठ मोठ्या मनाचे होते. चर्चच्या बाजूला राहणारा पास्कल नावाचा वारली कामगार पुढे आला आणि म्हणाला, मी माताजीची नाही घेणार, माझ्या क्रुसाची घेतो. शेठ म्हणाले, घे ना बाबा. युनूसभाई फिटरसाठी त्यांच्या घरून कुराण मागवलं, स्वच्छ कापड अंथरून ठेवलं. कुणाच्या कुलदैवताचा फोटो, कुणाची गंगाजळाची बाटली, ज्याला जे चालेल ते. सगळ्यांनी शपथ घेतली, आत्मारामकाकांनी तर दोन्ही हातांनी नारळ डोक्याला लावला. मग अण्णांचा नंबर आला आणि अण्णा म्हणाले, मी घेणार नाही. शेठना वाटलं देव बदलून हवा असेल. त्यांनी विठोबा विचारला, खंडोबा विचारला, सप्तशृंगी विचारली. अण्णा म्हणाले, कुणीच नको. मी घेतलेलं नाही हे तोंडाने सांगतो, कागदावर लिहून सही करून देतो, पण शपथ नको. शेठ गोंधळूनच गेले म्हणे. त्यांचं वाक्य आत्मारामकाका पुढे कित्येक वर्षं नक्कल करून सांगायचे:

"पण पाटीलभाई, कोई तो हशे ने?"

कुणीतरी तर असेल ना! बिचाऱ्याला खरंच कळत नव्हतं. कुठलाही देव चालेल म्हणणारा माणूस तो. एकही नाही असं म्हणणारा त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. अण्णांनाही त्यांचा राग आला नव्हता. घरी येऊन ते मायला म्हणाले, "ज्याला मी मानत नाही त्याला साक्षीला कसा बोलावू? ओळख नसलेल्या माणसाची सही घेण्यासारखं आहे ते. खोटेपणा होईल." माय म्हणाली, अहो पण तुम्ही घेतलेलं नाही ना? मग खोटं कसं? अण्णा म्हणाले, बोललेलं खरं होईल पण उचललेला नारळ खोटा होईल. मायने कपाळावर हात मारला. मी भाजी निवडत होते आणि मला दोघांचंही पटत होतं. हा माझा जन्मजात दोष. ज्याचं बोलणं शेवटी ऐकावं त्याचं मला पटतं.

शेठनी आठ दिवसांची मुदत दिली. हाकलतो म्हणाले नाहीत. म्हणाले, पाटीलभाई, तुम्ही एकट्याने नाही उचलला तर बाकीचे मला काय म्हणतील? तेही खरंच. दोन दिवसांत ओळीतली हवा बदलली. इंदूकाकू ताकाचं भांडं घेऊन रोज यायची, ती यायची थांबली. शपथ घेत नाही म्हणजे काहीतरी असणार, अशी कुजबुज. ज्यांच्या घरात कंपनीच्या धाग्यावर चड्ड्या वाळत होत्या ते सगळे छातीवर हात ठेवून फिरत होते, आणि ज्या एका माणसाने गेटमधून धागा आणला नव्हता तो चोर ठरत होता. अण्णांना हे दिसत होतं, ते हसायचे. मला हसू येत नव्हतं. नोकरी गेली तर खोली जाणार, खोली गेली तर अमळनेरला काकांच्या पडवीत जाऊन राहायचं, आणि परीक्षा चार महिन्यांवर. मी रात्रंदिवस एवढाच हिशेब करत होते, आणि मला अण्णांच्या तत्त्वाबित्त्वाचं काही म्हणजे काही पडलेलं नव्हतं. असं लिहायला आज लाज वाटते, पण नव्हतंच.

सहाव्या दिवशी शेठ स्वतः आमच्या दारात आले. त्यांची फियाट ओळीपुढे उभी राहिली तशी सगळी दारं किलकिली झाली. मायने कपबशी धुऊन पुसून पुन्हा धुतली. शेठ खुर्चीच्या टोकावर बसले, अर्धा कप चहा प्याले, आणि म्हणाले, बाने एक मार्ग काढलाय. कुंवारी मुलगी म्हणजे माताजीचंच रूप. तुमच्याऐवजी तुमच्या दीकरीने नारळ उचलला तरी माताजीला पोचतं, तुमचं नाव साफ होतं, बाकीच्यांचं तोंड बंद होतं. तुम्हाला काहीच करायचं नाही. सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता! अण्णांना वाचवायची वाट सापडल्याचा खरा आनंद त्यांना झाला होता. मायने तर तिथल्या तिथे हात जोडले.

अण्णांनी चपला पायात सरकवल्या. मग म्हणाले, ते तिला विचारा. शेठ हसले, म्हणाले, अहो तुम्ही सांगाल तसं ती करेल. अण्णा म्हणाले, मी सांगणार नाही. आणि मग ते माझ्याकडे वळले. त्यांचा तो ओरडून बोलायचा आवाज अख्ख्या ओळीने ऐकला असणार.

"सुमे, तुला मनापासून पटत असेल तर उचल. नसेल पटत तर नको. पण माझ्यासाठी म्हणून उचलू नकोस."

आणि तडक ड्यूटीवर गेले. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की डोळ्यांतून पाणी आलं. नको म्हणाले असते तर मी नको म्हटलं असतं आणि अमळनेरला जाऊन त्यांना आयुष्यभर दोष दिला असता. उचल म्हणाले असते तर उचलला असता आणि विसरून गेले असते. सोळा वर्षांच्या पोरीला, जिला आज वेणी घालायची की अंबाडा हे ठरवता येत नाही, तिला म्हणे मनापासून पटतंय का! मी काय मानते ते मला कुठे माहीत होतं? कुणी विचारलंच नव्हतं तोपर्यंत. मायबरोबर आरती म्हणायचे आणि अण्णा बोलायला लागले की मान डोलवायचे. हल्ली माझी सून तिच्या पोराला प्रत्येक गोष्टीत विचारते, तुला काय वाटतं बेटा? आणि ते चार वर्षांचं पोर भेदरून इकडे तिकडे बघतं. मला त्याची फार दया येते.

त्यानंतरचे दोन दिवस मी स्वतःची परीक्षा घेत होते. देव्हाऱ्यापुढे डोळे मिटून बसले, काही वाटतंय का बघितलं. पाय दुखले. मग म्हटलं, देवा, असशील तर आज दुपारी लाइट घालव. दुपारी लाइट गेली. मी थरारून गेले, आणि मग आठवलं की आठवड्यातून चार दुपारी जातेच. मायला विचारलं, तू कशी मानतेस? ती पीठ मळत होती. म्हणाली, "कशी म्हणजे? मानते. तुला भूक लागते ती कशी लागते ते सांगशील का?" अण्णांना दाढी करताना विचारलं, देव आहे का हो? ते म्हणाले, मला नाही वाटत. तुझ्या मायला वाटतो, आणि ती माझ्यापेक्षा हुशार आहे, तेव्हा काही सांगता येत नाही. झालं! म्हणजे तिथूनही सुटका नाही. माय मात्र माझ्या मागेच लागली होती. "उचल ना वं माय, एक नारळ तर आहे. बाप चोर म्हणून फिरलेला चालंल का तुले?" मी म्हटलं, पण अण्णा म्हणाले माझ्यासाठी नको. माय म्हणाली, मग माझ्यासाठी उचल. मला तो तोडगा बरा वाटला, आणि दहा मिनिटांनी तो तोडगा नाही हेही कळलं.

शुक्रवारी सकाळी मायने मला नवं परकर-पोलकं घातलं, तेल लावून दोन वेण्या घातल्या आणि नेऊन देवळीपुढे उभं केलं. पहिली शिफ्ट मशिनवर होती, अण्णाही आतच होते. बाकीची माणसं उंबराखाली जमली होती. बांनी मला कुंकू लावलं, माझी हनुवटी धरून माझ्याकडे बघितलं. म्हातारीचे डोळे फार प्रेमळ होते. तिने नारळाकडे बोट केलं आणि म्हणायचं वाक्य सांगितलं: मारा बापे आ कंपनीनो एक धागो पण लीधो नथी, माझ्या बापाने या कंपनीचा एक धागाही घेतलेला नाही. मी वाकले, आणि वाकताना दोन्ही वेण्या पुढे आल्या. वेण्यांना गोंडे होते. लाल-पिवळे, मायने वळलेले, कंपनीच्या धाग्याचे. ते नारळावर येऊन पडले.

मी तशीच अर्धी वाकून थांबले. अण्णांनी धागा घेतला नव्हता हे खरं होतं. पण घरात तर होता, माझ्या डोक्यावर होता, माताजीच्या नाकासमोर लोंबत होता. हे वाक्य मग खरं की खोटं? वर बघितलं तर देवळीवर तोरण, तेही वेस्टचंच, कामगारांनीच विणून बांधलेलं. म्हणजे माताजीच्या घरातही कंपनीचा धागा! कुणाला हसू येत नव्हतं. आत्मारामकाका डोळे मिटून उभे होते. मला एकाच वेळी भीती वाटत होती, हसू येत होतं, लघवीला लागली होती. माताजी असेल तर हात उचलणारच नाही, आणि नाही उचलला तर अण्णा चोर. आणि माताजी नसेल तर मी अण्णांनी नको म्हटलेलं नाटक करतेय. मी मनात म्हटलं, असशील तर माफ कर आणि नसशील तर बरंच. आणि उचलला. पटकन वर आला नारळ, काही जडबिड लागला नाही. वाक्यही म्हटलं. बा म्हणाली, बस, दीकरी, थई गयुं, म्हणजे झालं, आणि मला पोटाशी धरलं. शेठनी नारळ फोडून खोबरं वाटलं. इंदूकाकू त्याच दुपारी ताक घेऊन आली.

अण्णा संध्याकाळी आले, हातपाय धुऊन ताटावर बसले. मायने ताटात खोबऱ्याचा तुकडा ठेवला होता, तो त्यांनी सवयीने खाल्ला. खोबऱ्याशी माझं वैर नाही, असं ते नेहमी म्हणत. भाकरी संपवली. मग हात धुतले, पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, तुला पटलं होतं का?

आता मला सांगा, काय म्हणणार होते मी? तुमच्यासाठी उचलला म्हटलं असतं, तर हा माणूस उठून तसाच्या तसा शेठकडे गेला असता आणि म्हणाला असता, ती शपथ धरू नका, पोरीने माझ्यापायी घेतली. मी ओळखून होते. आणि मग सगळं मुसळ केरात. मायने दारातून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो. अण्णा म्हणाले, नक्की? मी म्हटलं, हो अण्णा, मी मानते देवाला. ते माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता, दुःखही नसावं. शेजारी कुणी नवीन राहायला आलं की आपण बघतो तसं काहीसं. म्हणाले, मला माहीतच नव्हतं. मग ठीक आहे. आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना पिशवीत फुलांच्या दोन पुड्या होत्या. एक मायची. एक माझी.

इथून माझी जी काही शोभा झाली, ती काय सांगावी. चोर सापडला नाही तो नाहीच; खोकी जायची मात्र थांबली, आणि बा सगळ्यांना सांगायची, बघा माताजी. पण माझ्या देवाचं अण्णांनी मनावर घेतलं. मी अभ्यासाला बसले की मायला ओरडून सांगायचे, तिची पूजा व्हायची असेल, आधी जागा दे. एस.टी. कुठल्या देवळापाशी थांबली की मला उतरायला लावायचे आणि स्वतः माझ्या चपला हातात धरून बाहेर उभे राहायचे. सप्तशृंगीच्या पायऱ्या त्यांनी दुखऱ्या गुडघ्यांनिशी माझ्यासाठी चढल्या, आणि दारापाशी थांबून म्हणाले, जा, सावकाश ये, मी आहे इथे. मी आत जाऊन काय करणार? गर्दीत उभी राहायचे, बराच वेळ गेलाय असं वाटलं की बाहेर यायचे. कधी वाटायचं, इतकी उभी राहते तर होईलही काही. झालं असेलही, कुणास ठाऊक. लग्नाच्या वेळी तर कहर. नाशिकचं स्थळ आलं तेव्हा अण्णांनी पाहुण्यांना बजावून सांगितलं, मुलगी श्रद्धाळू आहे, तिच्या देवाधर्मात कुणी आडकाठी करायची नाही, एवढी एकच अट. ते ऐकून सासूबाईंना इतका आनंद झाला की काय विचारता. अशी मी सोवळ्यातल्या, महिन्याच्या दोन्ही एकादश्या करणाऱ्या घरात जाऊन पडले. नवऱ्याला लग्नानंतर वर्षभराने खरं सांगितलं. तो खो खो हसला आणि म्हणाला, आईला सांगू नकोस.

अण्णांना कधी सांगायचं, हे मात्र राहतच गेलं. परीक्षा झाल्यावर सांगू म्हटलं. मग ते रिटायर झाल्यावर सांगू, आता नोकरीचा प्रश्न नाही. ते रिटायर होऊन अमळनेरला परतले आणि मी गेले होते सांगायला, खरंच गेले होते. तर त्यांनी माझ्यासाठी घरात एका कोपऱ्यात लाकडी देव्हारा करून घेतला होता, मायचा वेगळा, माझा वेगळा, माहेरपणाला आल्यावर अडचण नको म्हणून. सुतारापाशी उभं राहून करून घेतलेला. त्यापुढे उभी राहून कसं सांगणार होते? आणि खरं तर काय सांगणार होते? की मी मानत नाही? ते तरी मला कुठे माहीत होतं.

त्यांची छाती दुखायला लागली तेव्हा आम्ही त्यांना नाशिकला आणून दवाखान्यात ठेवलं. कान पार गेले होते, आवाज मात्र शाबूत. एका दुपारी मी एकटीच खाटेपाशी होते, माय जेवायला गेली होती. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. बहुतेक मी फार घाबरलेली दिसत असेन. ते म्हणाले, तुझ्या पिशवीत अंगारा असतो ना? असायचा, सासूबाई बटव्यात घालून द्यायच्या. मी मान हलवली. अण्णा म्हणाले, "लावायचा असेल तर लाव मला. तुला बरं वाटेल."

ज्या माणसाने नोकरीसाठी, घरासाठी, नावासाठीसुद्धा नारळाला हात लावला नाही, तो माणूस. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. आता सांगायचं, असं ठरवूनच नेलं. म्हटलं, अण्णा, तुम्हाला नाही पटत ते. ते म्हणाले, माझं राहू दे, तू मानतेस ना? वॉर्डातली सगळी माणसं आमच्याकडे बघायला लागली. आणि त्यांनी कपाळ पुढे केलं. तेवढंही त्यांना श्रमाचं होत होतं. मी अंगारा काढला आणि लावला. ते म्हणाले, वाटलं बरं? मी मान हलवली, हो. ते म्हणाले, मग ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. गावाकडची माणसं दुपारपर्यंत आली, आत्मारामकाका सिल्वासाहून आले, आणि ज्याने त्याने ते कपाळ बघितलं. काका डोळे पुसत म्हणाले, पाटील शेवटी वळले, शेवटी सगळ्यांनाच वळावं लागतं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांना जसं काही हायसं वाटलं होतं. उद्या गावात हेच सांगितलं जाणार, हे मला दिसत होतं. माय उशाशी बसली होती. ती आयुष्यभर ज्याची वाट बघत होती ते तिच्यासमोर कपाळावर होतं, आणि मी तिच्याकडे बघू शकत नव्हते.

तांब्यातल्या पाण्यात मी पदराचं टोक बुडवलं आणि अण्णांचं कपाळ पुसायला लागले. कुणीतरी मागून म्हणालं, अगं हे काय करतेस? मी म्हटलं, माय, हे त्यांचं नाही. एवढंच म्हणता आलं. माय माझ्याकडे बघत राहिली, मग वाकून तिने अण्णांच्या कपाळाकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "डावीकडे राहिलंय थोडं."